बाहेरून आणलेले अध्यक्ष

मुलुंडच्या आमच्या वसाहतीत कुणी गेले की आम्ही काही रहिवासी तिरडी बांधतो, स्मशानापर्यंत सगळे पाहतो आणि 'येतो' न म्हणता घरी जातो. या कारभाराला व्यावसायिक शिस्त लागावी म्हणून ज्येष्ठांनी एक निवृत्त हॉटेल व्यवस्थापक बाहेरून अध्यक्ष म्हणून आणले. त्यांचे नाव मी सांगत नाही. त्यांनी मात्र ते आम्हा सर्वांच्या टी-शर्टवर छापून घेतले. बोलताना ते कमरेत किंचित वाकत. तिरडीची गाठ सोडल्यास प्रत्येक गोष्टीवर त्यांचे मत असे.

परवा एका आजोबांना पोचवून आम्ही त्यांच्या घरी परतलो. अध्यक्ष आजींसमोर वाकले, हसले आणि म्हणाले, "पुन्हा सेवेची संधी द्या!"

या दारात आम्हाला आता कुणी उभे करणार नाही, असे वाटून मी फरशीकडे पाहत राहिलो.

आजी माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वेळी तुम्ही नका हो येऊ. ह्यांना पाठवा. हे काही बोलत नाहीत."

जिना उतरताना अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पाहिलंत? आगाऊ नोंदणी!"