शांतवनकाकांचा अर्ज

अर्ज टेबलावर पडला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सेशनची मीटिंग सुरू होती. सेशन म्हणजे आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचं, म्हणजे चर्चचं, कारभारी मंडळ. लोकांनी निवडलेले एल्डर आणि अध्यक्ष म्हणून पाळक, म्हणजे मी. पाळकाचा शब्द शेवटचा, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात पाळक प्रार्थनेने मीटिंग उघडतो आणि निर्णय एल्डर घेतात.

रोह्याच्या आमच्या छोट्या मंडळीत एल्डर तीनच. त्यातले शांतवनकाका कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले. अर्ज त्यांचाच होता आणि तक्रार होती सख्ख्या मुलाविरुद्ध. दानियल पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. मूर्ती करू नये ही देवाची आज्ञा, मग हा मंडळीचा सभासद कसा, असा काकांचा सवाल. दोन रविवारांनी दानियलच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला होता. आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा आईबापाच्या सभासदत्वावर होतो. सून दुसऱ्या मंडळीतली, तिचा सभासदत्वाचा दाखला तिकडून अजून यायचा होता. म्हणजे दानियलचं नाव कमी झालं की बाप्तिस्माही थांबला.

"काका, दानियलशी बोललात का?" सुलभाताईंनी विचारलं. त्या दुसऱ्या एल्डर, निवृत्त नर्स. नाडी बरोबर सापडते त्यांना.

"बोलायचं काय त्यात? सगळं कागदावर हाय."

"म्हणजे नाय बोललात."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला माझीच लाज वाटली, कारण तीनच रविवार आधी याच विषयावर मी उपदेश केला होता. भावाचं चुकलं तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगा, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, आणि मगच मंडळीपुढे या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, काकांनी सगळ्यात जास्त. आणि त्यांचा अर्ज हातात आल्यावर मी काय केलं? नंबर टाकला आणि फायलीला लावला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"अर्ज आज घेत नाही," मी म्हणालो. "काका, आधी पेणला जाऊन या."

"एकटा नाय जानार, पास्टर. तुम्ही चला."

शनिवारी एस.टी.ने निघालो. एप्रिलचं ऊन होतं. खांब गेलं, नागोठणं गेलं, काका खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. प्रार्थना करत होते की भांडणाची उजळणी, मी विचारलं नाही.

कारखान्यात शिरलो आणि पावलं आपोआप हळू पडायला लागली. फळ्यांवर रांगेने शेकडो मूर्ती. अंगाला रंग लागलेल्या, पण डोळे नसलेल्या. पत्र्याच्या फटीतून ऊन आत उतरत होतं, त्यात शाडूची धूळ तरंगत होती. आवाज म्हणून फक्त पंख्याचा. आपण झोपेतच चालत इथवर आलो की काय, असं मला वाटलं. मी हात जोडले नाहीत, तो माझा धर्म नाही. पण मन निवत गेलं, ते मी नाकारणार नाही.

"बसा," मालक हळूच म्हणाले. "जोडी पुरी होईपर्यंत तो बोलत नाय."

डोळे सगळ्यात शेवटी आखतात. एक आखून मध्येच थांबलं की दुसरा त्याच्याशी जुळत नाही, म्हणून दोन्ही एका बैठकीत. दानियल आमच्याकडे पाठ करून बसला होता. आम्ही आल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी काकांकडे बघितलं. कुंचला टेकला की काका श्वास धरत होते, उचलला की सोडत होते. मुलाला काम करताना ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

दानियलने कुंचला ठेवला, वळला आणि बापाला बघून उभाच राहिला. अर्जाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, ते चेहऱ्यावरच दिसलं. बसमध्ये काकांनी काय काय जुळवलं होतं देव जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच.

"जेवलास काय?"

"नाय अजून. तुम्ही?"

"मी पन नाय."

मी उठून समोरच्या टपरीवर गेलो. पाळकाचं काम तिथे संपलं होतं. दोन चहा झाले, पेपर वाचून झाला, तेव्हा काका एकटे बाहेर आले.

परतीच्या बसमध्ये म्हणाले, "मला त्याचं काम पटलेलं नाय."

"बरं."

"पन ते मी त्यालाच सांगेन. सेशनला काय करायचंय?"

अर्ज त्यांनी मागे घेतला. तक्रारच नाही, तर निर्णय कसला? बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्याचं भांडं धरायची पाळी काकांची होती. नातीकडे बघण्याच्या नादात अर्धं पाणी त्यांनी माझ्या बुटांवर सांडलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दानियल अजून डोळे आखतो. काकांना अजून पटलेलं नाही. समजूत घालायला ते दर महिन्याला सुकट बांधून पेणला जातात. नात आता बोलायला लागली, तरी समजूत काही पुरी होत नाही.

मी मात्र कुणाचाही अर्ज आला की नंबर टाकण्याआधी एक प्रश्न विचारतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याच्याबरोबर शेवटचं कधी जेवलात? बहुतेक अर्ज घडी घालून खिशात परत जातात.