आधी काका चालणार

सुभेदारकाका गवतावर पाय ठेवत नसत. बेसा या आमच्या वस्तीत माझे बाबा ज्या इमारतीचे वॉचमन आहेत, तिच्या तळमजल्यावर काका-काकू राहायचे. समोरच्या मोकळ्या प्लॉटमधून किराणा दुकान अगदी जवळ, पण काका रस्त्याने मोठा वळसा घालून जात. पावसाळ्यात चिखलातून जावंच लागलं, तर पुढे गेलेल्याच्या पावलांच्या ठशांतच पाय टाकत. पुढे एखादं लहान मूल गेलेलं असलं, की काकांची ती चाल बघायला सगळी बिल्डिंग गॅलरीत यायची.

सैन्यात त्यांचं काम भूसुरुंगांचं होतं. सीमेवर तणाव वाढला की त्यांची तुकडी शत्रूला अडवायला सुरुंग पेरायची आणि नकाशावर जागा मांडून ठेवायची. तणाव निवळला की तेच सुरुंग काढायचे.

"आपणच पेराचे अन् आपणच काढाचे," काका सांगत. "मधात पाऊस येते, माती सरकते, सुरुंगबी सरकते. नकाशा बिचारा तिथंच राहते."

निवृत्तीनंतर परसात आलू लावले, तर तेही ते पोटावर झोपून काढत. सायकलची तार मातीत तिरपी सारायची, कारण सुरुंगावर वरून दाब पडला की तो फुटतो. टोकाला काही लागलं, की बोटांनी हळूहळू माती बाजूला करायची. काकू दारात चाकू घेऊन उभ्या.

"अवो, आलू हाय तो! भाजी आज होते का दिवाळीले?"

"असंच म्हणे आमच्यातला एक. लय घाई करे."

"मंग? उडला का?"

"नाई. साहेबानं फौजेच्या लंगरमधे सैपाकाचे आलू सोलाले बसवला. अजून सोलत असन."

एक गोष्ट मात्र ते हसण्यावारी नेत नसत. जमीन साफ झाली, की शेतकऱ्याला परत देण्याआधी साफ करणाऱ्यांनीच तिच्यावरून चालायचं. "नुसतं 'साफ हाय' म्हणून काय होते? म्हणणाऱ्यानं आधी चालून दाखवाव."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता; त्या दिवशी कागद जमा केले नाहीत, तर प्रवेश रद्द होणार होता. बाबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून काका सोबत आले. कॉलेजच्या फाटकाशी माझे पाय अडले. आतले सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखत असावेत, असं दिसत होतं. परत जाऊ या, असं मी काकांना म्हणाले.

"काहून वं?"

"भेव वाटते, काका."

समजावतील असं वाटलं होतं. त्यांनी कागदांची पिशवी माझ्या हातात दिली आणि एकटेच आत निघाले. गार्डनं हटकलं, "ओ बाबाजी, कुठं?"

"रस्ता साफ करून राहिलो."

तो आपोआप बाजूला झाला. ऑफिस, जिना, वर्ग, कँटीन असं सगळीकडे फिरून काका परतले. मिशीला चहा लागला होता.

"सगळं साफ हाय. चहा तेवढा धोक्याचा. त्याले हात लावू नको."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी आत गेले. कागद जमा झाले. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. तो चहा रोज पिते. काकांचं खरं होतं.

यंदा काकांचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा मुलानं दोघांना कायमचं पुण्याला बोलावून घेतलं. रेल्वे स्टेशन गाठायला आम्ही मेट्रोकडे गेलो. लिफ्ट बंद होती, साधा जिना गुडघ्यांना झेपणार नव्हता. काकू सरकत्या जिन्यानं वर पोहोचल्यासुद्धा. काका खालीच.

"अवो, पुण्याची गाडी सुटन ना!" काकू वरून ओरडल्या.

"पुढच्याच्या पावलावर पाय ठेवाव म्हटलं, तर पाऊलच पळून जाते वं," काका मला हळूच म्हणाले. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी त्यांची पिशवी घेतली, सरकत्या जिन्यानं वर गेले, पिशवी काकूंकडे दिली आणि साध्या जिन्यानं धावत खाली आले.

"काका, साफ हाय."

"चहा?"

"वर भेटत नाई."

"मंग ठीक हाय."

माझं पाऊल पडलेली पायरी केव्हाच वर निघून गेली होती. काकांनी एकदा तिकडे पाहिलं, आणि समोर आलेल्या पायरीवर पाय ठेवला.