वाकडा बसवलेला स्पीकर

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कारखाना सुटला तरी चारलाच व्हायचा. डोळे उघडायचे, पाय खाली यायचे, आणि मग कुठं जायचं ते आठवायचं नाही. तोंड धुऊन तो चहा टाकायचा, दोन कप भरायचा, एक झाकून ठेवायचा. बायको उजाडल्यावर उठायची. तोवर तो खुर्चीत बसून असायचा. विचार करायचा असं नाही. पाळी बदलायच्या आधी लोक बाकावर बसतात तसा नुसता बसायचा.

कारखान्यात त्याला सगळे ‘लेव्हल’ म्हणायचे. मोठी यंत्रं जागेवर बसवणं हे त्याचं काम. पत्रा दाबणारी प्रेस क्रेनने खाली उतरायची, आणि मग तिच्या पायाखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवत तो जमिनीवर पालथा पडायचा, पाणसळीतला, म्हणजे लेव्हल बघायच्या नळीतला, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. बुडबुडा रेघेला नुसता टेकला तरी नाही म्हणून मान हलवायचा. मग बोल्ट आवळायचे, आणि असे आवळायचे की सोडवणाऱ्याला आईबाप आठवावेत. त्याने बसवलेली प्रेस पुन्हा जागची हलली असं कधी झालं नाही.

त्या प्रेसच्या दणक्यांनी त्याचे कान मात्र नेले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटी, मग स आणि श, त आणि प. माणसं बोलतात हे त्याला कळायचं, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या असायच्या.

बायकोचे डोळे गेले ते वेगळ्याच तऱ्हेने. नजरेचा मधला भाग गेला. दार दिसायचं, दारात उभ्या माणसाचे खांदे दिसायचे, तोंडाच्या जागी राखाडी डाग. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. बसमधून घरी येताना ती म्हणाली, "चला, आता तुम्ही कितीही म्हातारे झालात तरी मला कळायचं नाही." तो खिडकीबाहेर बघत राहिला. इथं हसायला हवं होतं, हे त्याला घरी आल्यावर सुचलं.

तिला पिक्चरचं वेड. संसाराला लागल्यापासून पगाराच्या आठवड्यात एक पिक्चर ठरलेला. तो खुर्चीत झोपायचा, ती डोळे पुसत बाहेर यायची आणि घरापर्यंत त्याला गोष्ट सांगायची. आता टीव्हीतलं तोंड दिसत नव्हतं आणि टीव्हीचा आवाज म्हणजे डबीत कोंडलेला डास. म्हणून निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्याने घरात होम थिएटर आणलं. मोठा पडदा, अॅम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात ठेवायचा एक ठोकळा.

लेक भडकली. "बाबा, आईला दिसत नाही आणि तुम्ही पडदा मोठा आणलात?"

"पडदा नाही आणला. आवाज आणलाय."

दुकानदाराने त्याला नीट समजावलं होतं. "काका, बाजूचे स्पीकर गाण्यांचे, गाड्यांचे, मारामारीचे. माणसं बोलतात ती सगळी या मधल्यातून. त्यामुळे मधला तेवढा नीट बसवा."

बसवा म्हणाला. दुसरा एखादा शब्द वापरला असता तर पुढचं टळलं असतं. ठेवा म्हणाला असता तर त्याने ठेवला असता. पण बसवा म्हटल्यावर त्याचे हात आपोआप चालू लागले. टीव्हीखालच्या लाकडी कपाटात खाली एक कप्पा होता. त्याने मधला स्पीकर त्या कप्प्यात थेट मागच्या फळीपर्यंत ढकलला. दोन्ही बाजूंनी फळ्यांचे तुकडे मापात कापून ठोकले. वरून लोखंडी पट्टी, पट्टीला बोल्ट. जमिनीवर पालथं पडून पाणसळ लावली आणि बुडबुडा मधोमध आणला. वय झालेल्या कमरेला हे काम परवडण्यासारखं नव्हतं, पण अर्धवट काम त्याला कधी जमलंच नव्हतं. शेवटी त्याने हाताने स्पीकर हलवून बघितला. कपाट हललं, स्पीकर हलला नाही.

संध्याकाळी पिक्चर लावला. "येतंय का ऐकू?"

"येतंय की," बायको म्हणाली. "छान येतंय."

पहिले काही दिवस ती शेवटपर्यंत बसली. मग मध्यंतरापर्यंत. मग डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडू लागली. तो एकटाच पडद्यासमोर बसायचा. ऐकू काही येत नसे, म्हणून पडद्याखाली उमटणाऱ्या बोलण्याच्या ओळी वाचायचा. त्याही बऱ्याचदा नुसत्या सरकून जायच्या.

लेक पुन्हा आली तेव्हा आई भर दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेली तिने बघितली. स्वयंपाकघरात बापाला गाठून ती मोठ्याने म्हणाली, "आईला मी घेऊन जाते. तिथं बोलायला माणसं आहेत. इथं तुम्ही दोघं दोन कपाटांसारखे उभे."

"किती दिवस?"

"राहायलाच, बाबा. आईही हो म्हणालीय. रविवारी गाडी घेऊन येते."

तो कप विसळत होता. विसळलेलाच कप त्याने पुन्हा विसळला.

"बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

किल्ली हरवल्यावर माणूस खिसे चाचपतो तसं त्याने आत चाचपून बघितलं. हाताला काही लागलं नाही. "बॅग माळ्यावर आहे," तो म्हणाला. "काढून देतो."

त्याने बॅग काढली, पुसली आणि पलंगाशी ठेवली. त्या संध्याकाळी बायको बाहेर येऊन बसली. जायचं ठरलं म्हणून बसली असेल. पडद्यावर एक म्हातारा आणि त्याची मुलगी बोलत होती. खाली ओळ आली, ‘घर विकलंय मी.’

पुढे काय बोलावं सुचेना म्हणून त्याने विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"घरी निघालोय म्हणाला."

तो पडद्याकडे वळला. मुलीची ओळ आली, ‘मला विचारलं का नाहीत?’

"आणि ती काय म्हणाली?"

"ती... बरं म्हणाली."

त्याने पिक्चर थांबवला. "तू तर ऐकू येतं म्हणालीस."

"येतं ना. बोलतात ते येतं. काय बोलतात ते नाही येत. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगू? पालथे पडून बसवलात. नंतर दोन दिवस कंबर धरून चालत होतात. त्याला नावं ठेवू?" ती थोडं हसली. "माझं मधलं गेलं, तुमच्या स्पीकरचंही मधलंच गेलं. घराण्यातच असेल, म्हटलं."

यावर तो हसला नाही, पण उठला. दुकानदाराला फोन करून त्याने तो बायकोच्या कानाला लावला, कारण फोनवरचं त्याला मुळीच कळत नसे.

"बोलणं घुमतं म्हणून सांग."

तिने सांगितलं. ऐकून घेतलं. "मधल्याची लेव्हल बघितली का विचारतो."

हा प्रश्न त्याला जरा लागला. पाणसळ आणून त्याने स्पीकरवर ठेवली. "सांग त्याला, लेव्हल चोख आहे."

"चोख आहे म्हणतात." ती पुन्हा ऐकू लागली. "दोनने वाढवा म्हणतो."

"दोनने? मिलिमीटर? डावीकडून की उजवीकडून?"

तिने जसंच्या तसं विचारलं. मग ती फोन बाजूला धरून म्हणाली, "म्हणतो, काकू, कशाला हात लावू नका. मीच येतो."

दुकानदार शनिवारी आला. गुडघ्यावर बसून त्याने कप्प्यात डोकावून बघितलं आणि बराच वेळ तसाच राहिला.

"काका, याला काय भूकंप येणार आहे?"

"हलता कामा नये."

"अहो, हा श्वास कोंडलेला माणूस आहे. कप्प्यातच घुमतोय सगळा आवाज. पुढे काढा, फळीच्या कडेपर्यंत. आणि त्या दिवशी फोनवर म्हणालो ती लेव्हल म्हणजे आवाजाची. ती अॅम्प्लिफायरमध्ये असते, ती मी लावतो." मग तो काकूंच्या खुर्चीकडे आणि खालच्या कप्प्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "अजून एक. हा त्यांच्या गुडघ्यांशी बोलतोय. पुढून उचला. कानाकडे तोंड पाहिजे त्याचं. वाकडा ठेवायचा."

"वाकडा?"

"वाकडा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, काका."

बोल्ट सोडवायला वेळ लागला नाही. पान्हा हातात घेऊन तो बोल्टकडे बघत बसला, त्यातच जास्त वेळ गेला. त्याने आवळलेलं आजवर त्याने स्वतः कधी सोडवलं नव्हतं. शेवटी सोडवलं. ठोकलेल्या फळ्या काढल्या. स्पीकर कडेला आणला. दुकानदाराने पुढच्या बाजूखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला, अॅम्प्लिफायरमध्ये हवं ते केलं, मधल्याचा आवाज दोनने वाढवला आणि म्हणाला, "बाकी तुम्ही बघा. आता कान लागतील, हत्यारं नाही." चहा न घेताच गेला.

पुठ्ठा त्याला बघवेना. जुन्या पेटीतून त्याने कडक रबराचा तुकडा काढला आणि कानस घेऊन बसला. त्याची पाचर केली. बायकोला खुर्चीत बसवलं आणि एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावला. आता तो ‘येतंय का ऐकू’ विचारत नव्हता. "काय म्हणाला?" एवढंच विचारायचा आणि खालच्या ओळीशी ताडून बघायचा.

"घर... विकलंय म्हणाला का?"

"विचारू नकोस. सांग."

"मग जरा अजून उचला."

त्याने पाचर आत सरकवली. बायको ओळ सांगताना चुकली. सरकवली. ती पुन्हा चुकली. पाचर फार गेली तेव्हा म्हणाली, "आता माझ्या डोक्यावरून बोलतोय." त्याने बाहेर काढली, कडेला कानस मारली, परत लावली. तिच्या कपाळावरची आठी गेली की तो पेन्सिलीने रेघ मारायचा. एकदाही पाणसळ काढली नाही. स्पीकर असा तोंड वर करून बसलेला त्याच्या डोळ्यांना सलत होता. पण कामाचं माप तिच्याकडे होतं, आणि मापाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती.

रविवारी लेक आली तेव्हा दुसराच एक पिक्चर चालू होता. बॅग पलंगाशी भरून तयार होती.

"आई, निघायचं ना?"

"शू."

लेकीने बापाकडे बघितलं. बाप पडद्याकडे बघत होता. पडद्यावर एका बाईची पोलीस चौकशी करत होते. त्यांनी कुणाबद्दल तरी विचारलं, आणि खाली ओळ आली, ‘मी त्याला ओळखत नाही.’

"ओळखते," बायको म्हणाली. "खोटं बोलतेय."

"कशावरून?" लेक म्हणाली. "चेहरा तर अगदी साधा आहे तिचा."

"चेहरा राहू दे. बोलायच्या आधी श्वास घेतला तिने. एवढंसं उत्तर द्यायला एवढा श्वास लागतो का?"

पुढच्या प्रसंगात ती बाई त्याच माणसाच्या घरी गेली. लेक खुर्चीच्या हातावर टेकली. तिनेही पुढं काही विचारलं नाही. पिक्चर संपल्यावर दिवा लावून ती म्हणाली, "मग? बॅग गाडीत ठेवू?"

"आज राहू दे," आई म्हणाली. "उद्याचा एक यांनी लावून ठेवलाय. तू येत जा मात्र. तुझ्या बाबांना चेहऱ्यावरचं काही कळत नाही."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी."

त्याला बरं वाटलं का, सांगता येणार नाही. त्याने खिसे चाचपले नाहीत. खुर्चीतून उठलाही नाही.

इतक्या वर्षांच्या पगारात घराला छप्पर आलं, लेक शिकली, बायकोच्या डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाली आणि ती वाया गेली. उरलं त्यातून शेवटी जे विकत मिळालं ते एवढंच, पडद्यावरच्या एका बाईचा खोटं बोलण्याआधीचा श्वास. तो श्वास त्याला स्वतःला ऐकू आला नव्हता.