पुसलेला पाऊस

इनामदार सर गेल्याची बातमी शाळेच्या फोनवर आली, तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. शिपायाने दारातूनच सांगितलं, "बाई, इनामदार सर वारले. नगरच्या दवाखान्यात, पहाटे." मी हातातला पेपर पुरा तपासला, गुणांची बेरीज केली आणि मग उठले. तसं का केलं ते मला सांगता येत नाही... दुपारी त्यांना पाथर्डीच्या कब्रस्तानात नेलं. आम्ही बायका घरी सरांच्या पत्नी रझियाभाभींजवळ बसून राहिलो. त्याला आता महिना होत आला.

सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. एकाच हायस्कुलात आमची उमेदीची वर्षं गेली. ते निवृत्त झाले त्या वर्षी पुण्याच्या मुलाने त्यांना एक जुना संगणक आणून दिला आणि त्याबरोबर हवामान मोजायचं एक यंत्र. मुलाच्या मित्राने ते परदेशातून आणलं होतं. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, तापमानाची नळी आणि पावसाचं नरसाळं. नरसाळ्यात पाणी पडलं की आतली छोटी चमची पलटी खायची आणि तेवढा पाऊस वायरीतून खाली खोलीत नोंदला जायचा. सर संध्याकाळी संगणक लावून दिवसभराच्या नोंदी बघत बसायचे. आम्ही शिक्षक मंडळी थोडी हसायचो. पाथर्डीत मोजण्याइतका पाऊस पडतो कुठे?

सरांचा बराचसा वेळ मोजण्यापेक्षा दुरुस्त करण्यातच जायचा. बकरीने वायर चावली की पडद्यावर तापमान शून्याच्या खाली जायचं. लाईट जाऊन जाऊन आतली बॅटरी संपली की संगणकाचं घड्याळ थेट ऐंशी सालात जाऊन बसायचं आणि सगळ्या नोंदी त्या सालात पडायच्या. मग सर एकेक ओळ धरून तारखा बदलायचे. "काल मी ऐंशी सालात होतो बाई, तेव्हाही उकडतच होतं," असं ते एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते. चुकीच्या ओळीवर जायचं, नवा आकडा घालायचा, कळ दाबायची. जुना आकडा त्याच क्षणी कायमचा जायचा. काम सोपं होतं, आणि सर ते फार विश्वासाने करायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सर आणि भाभी लग्नासाठी नगरला गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले तेव्हा अंगण कोरडं होतं, भिंती तापलेल्या होत्या, आणि संगणकात मात्र आदल्या दुपारी तासाभरात धो धो पाऊस. आधी एकदा नातवंडांनी गच्चीवर खेळताना नरसाळ्यात तांब्याने पाणी ओतलं होतं. सरांना वाटलं, शेजारच्या पोरांनी तोच खेळ केला असणार. त्यांनी त्या ओळीत शून्य घातलं आणि जेवायला बसले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं एक पुस्तक परत द्यायला गेले होते. चहा होतो न होतो तोच भीमराव साळवे दारात आला. सरांच्या घरामागे ओढा आहे, त्याच्या पलीकडे त्याचं घर. दरवर्षी ऊसतोडीला जाणारं कुटुंब, नुकतंच परत आलेलं. परवाच्या वळवाच्या पावसात त्याच्या घराची मातीची भिंत पडली होती. दोन शेळ्या दबून मेल्या आणि त्याच्या आईचा पाय मोडला.

"सर, तुमच्या मशीनमधी परवाचा पाऊस हाय न्हवं?" त्याने विचारलं. "तलाठी भाऊसाहेब म्हनत्यात पाऊसच न्हवता. भिंत जुनी हुती म्हून पडली, असं पंचनाम्यात लिवलंय."

भाऊसाहेब खोटं बोलत नव्हते. तलाठी कचेरीचं पर्जन्यमापक गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वळीव असाच असतो, या गल्लीत कोसळतो आणि त्या गल्लीत धूळ उडते. तिकडे खरंच चार थेंब पडले होते.

सरांनी संगणक लावला. ती ओळ शोधली. 

"होता," ते म्हणाले. "मी पुसला."

भीमरावला कळलं नाही. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आकडा ध्यानात हाय का?"

"आहे."

"मग परत लिवा की सर. कुनाला कळतंय?"

मलाही तेच वाटत होतं, आणि मी तसं म्हटलंही. पाऊस तर खराच पडला होता. सर म्हणाले, "बाई, यंत्राने लिहिला होता तेव्हा तो पाऊस होता. आता मी लिहिला तर ती माझी आठवण होईल. आणि माझ्यावर किती भरवसा ठेवायचा ते आपण आत्ताच पाहिलं." त्यांनी ते शून्यही काढलं आणि जागा मोकळी ठेवली.

त्याच सकाळी ते भीमरावबरोबर कचेरीत गेले आणि आपण नोंद कशी पुसली ते लेखी दिलं. भाऊसाहेब अदबीने म्हणाले, "सर, घरच्या यंत्राचं आम्हाला काय करता येणार? त्यात तुम्हीच म्हणता आकडा नाही." निवृत्त मास्तरला हे सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. पण सर उठले नाहीत. "मग ओढा बघायला चला," म्हणाले. दोन दिवस मागे लागून त्यांनी भाऊसाहेबांना ओढ्यावर नेलंच. बाभळींच्या बुंध्यांवर कमरेइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती, फांद्यांत पाचट अडकलेलं होतं. आसपासच्या घरांतली माणसं बोलावली. पंचनामा पुन्हा झाला.

सरकारी मदत मिळाली, पण पावसाळा निम्मा सरल्यावर. तोवर साळव्यांचं बिऱ्हाड सरांच्या ओसरीत होतं. भीमरावची आई पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून भाभींना लसूण सोलून द्यायची. पायात थोडा लंगडेपणा राहिला तो राहिलाच. सरांनी नोंद पुसल्याबद्दल माफी मागितली असं मी ऐकलं नाही. भीमरावने त्यांना दोष दिल्याचंही ऐकलं नाही. मात्र पुढे काही शंका आली की सर आधी गल्लीत चार घरी विचारून यायचे, मगच ओळीला हात लावायचे.

या दिवाळीनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पूर्वी मी हजेरीवर सरळ गैरहजेरीची खूण केली असती, आणि महिन्याने नाव कमी केलं असतं. परवा पेन उचललं आणि ठेवून दिलं. शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीवर गेले. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "श्रीगोंद्याकडं गेलीत, तोडीला. पोरगी लई रडली. शाळंत सांगा म्हनली हुती, म्याच इसरले."

मी साखर कारखान्याचं नाव विचारून घेतलं. तिथल्या शाळेत तिला बसवता येतं का, ते बघते आहे.