दाजी आणि टिटॅनियमची भट्टी

बिदरच्या लाल दगडाची चव माझ्या दाजींइतकी अख्ख्या हैदराबाद संस्थानात कुणाला ठाऊक नसेल. काळ्या धातूवर चांदी जडवणारे बिदरी कामाचे कारागीर किल्ल्यातली माती जिभेवर ठेवून पारखतात, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा हे हैदराबादच्या कॉलेजातली प्रयोगशाळेची नोकरी सोडून घरी आले आणि दिसेल तो दगड चाटत सुटले. आपल्या दगडात टिटॅनियम नावाचा धातू आहे आणि तो जिभेला कळतो, अशी त्यांची खात्री. एका लग्नात तर, बरं का, पंगत सोडून यांनी मांडवाशेजारची भिंत चाटली आणि "लोखंडच जास्त हाय हो," म्हणून वधूपित्याजवळ हळहळले.

परसात भट्टी होती. मातीच्या मुशीत दगडाची भुकटी, कोळशाची भुकटी, आणि बाजूला दोन भाते. कोळसा दगडातला ऑक्सिजन ओढून घेणार आणि धातू मोकळा होणार, फक्त आच जबर हवी. निघायचे ते लोखंडाचे चार मणी आणि काळं कीट. टिटॅनियम त्या किटातच ठाण मांडून बसायचं. "आच कमी पडायलीय," म्हणत म्हणत बांधावरच्या बाभळी संपल्या, आणि एक दिवस माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नातल्या पलंगाचा कोळसा झाला. अक्का भांडली नाही. ट्रंक घेऊन संतपूरला आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "भट्टी मोडली की येते म्हणावं त्यास्नी."

दाजी दर रविवारी बसनं यायचे. माझ्या वडिलांना, अप्पांना तासभर टिटॅनियम समजावायचे, डोळे मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे. आतून चहा यायचा, अक्का यायची नाही. दोघंही झुरत होती आणि आम्ही हसत होतो, याची आता लाज वाटते.

एका रविवारी ते नखं घासूनपुसून आले. "मोडली भट्टी. चल," म्हणाले. अक्का त्याच बसनं गेली. दाजींनी शाळेत नोकरी धरली, नवा पलंग केला. लोक म्हणाले, सुधारला माणूस.

वर्षानं मी गेलो तेव्हा भट्टीच्या जागी मेथी होती. जेवताना दाजी पावसापाण्याचं दोन शब्द बोलले आणि भात कालवू लागले. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, एकदा पेटवा की भट्टी. भाता मी ओढते."

"कामून?" दाजी मायेनं म्हणाले. "आता न्हाई वाटत तसं काही."

अक्का पाणी आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही. ते जुने दाजी मला फार आठवतात. अक्काला तर ते समोर बसलेले असतानाच आठवायचे.