एका गमबुटातल्या जावा

थोरलीला आमच्या गल्लीत सगळे थोरलीच म्हणतात. कुणाची थोरली, हे नव्या भाडेकरूंना ठाऊक नसतं आणि ते विचारतही नाहीत. घरात आता ती एकटीच असते. दुकान उठून गेलं तरी पाटी भिंतीवर राहावी, तसं ते नाव राहिलं आहे.

सकाळी अंघोळ झाली की ती दाराच्या पायरीवर उन्हात पाय पसरून बसते आणि जुन्या मऊ सुती कापडाने पायाच्या बोटांमधली एकेक फट पुसते. घाई म्हणून नाही. धाकट्या बोटाची फट सगळ्यात चिंचोळी, तिला कापडाचं टोक पिळून घ्यावं लागतं. हे कापड पायांचंच. अंग पुसायचा टॉवेल वेगळा. धुतल्यावर ते दोरीच्या पार टोकाला, बाकीच्या कपड्यांपासून अंतर राखून वाळत पडतं. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहिलं की ती सांगतेच, "पाय धुतो सगळेच. पुसतो कोण?"

लोक हसतात. वयाप्रमाणे एकेक खूळ लागतं, म्हणतात. पण हे खूळ वयाने लागलेलं नाही. ते दूध डेअरीत लागलं, आणि त्याला कारण तिची धाकटी जाऊ.

थोरली लग्न होऊन आली ती दोन खोल्यांच्या घरात. सासूबाई, नवरा आणि एक दीर. डेअरीत क्रेट धुण्याच्या विभागात बायका घेत होते, तिथे ती लागली. गरम पाणी, सोडा, वाफ, आणि पायाखाली कायम वाहतं पाणी. तिथे कोरडी एकच जागा, ती म्हणजे मुकादमाची खुर्ची. पुढे दिराचं लग्न झालं. धाकटी आली ती हसतमुख, जिभेने तिखट, कामाला वाघीण. थोरलीने वर्षाच्या आत तिलाही डेअरीत लावून घेतलं. थोरली सकाळच्या शिफ्टला, धाकटी दुपारच्या. म्हणजे सासूबाईंजवळ आणि पोरांजवळ कुणी ना कुणी असायचंच.

अडचण आली गमबुटांची. बायकांच्या मापाचे गमबूट संपले होते. मुकादमाने दोघींच्या पायांकडे पाहिलं आणि थोरलीचेच बूट पुढे ढकलले. घर एक, चूल एक, मग बूट दोन कशाला, असं म्हणून तो स्वतःच खूप वेळ हसला.

जोडी जमली, कारण दोघींचे पाय एका मापाचे. नवे बूट पुढे आलेही असतील, पण दोघींनी मागितले नाहीत. त्याचं कारण थंडीत कळायचं. थंडीच्या दिवसांत रबराचा बूट म्हणजे विहिरीत पाय घातल्यासारखा. बाकीच्या बायका कपडे बदलायच्या खोलीत कुडकुडत एकेक पाय आत ढकलायच्या. थोरली मात्र आपली शिफ्ट संपली तरी बाकावर बूट घालून बसून राहायची. धाकटी आली, चपला काढल्या, की ही बूट काढून तिच्या पुढ्यात धरायची. आतली ऊब जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप. धाकटी पाय आत घालून डोळे मिटायची.

"ताई," ती म्हणायची, "माहेरी आईने अंथरूणसुद्धा इतकं उबदार दिलं नाही."

जावाजावांचं वैर बघायची सवय असलेल्या त्या खोलीत हे एक नवलच होतं. बायका टोमणे मारायच्या, की यांचे नवरे वेगळे आहेत ते बरं, नाहीतर तिथेही या पाळी लावून बसल्या असत्या. धाकटी त्यांना तिथल्या तिथे परतफेड करायची. थोरली नुसती हसायची.

सुटीच्या दिवशी थोरली बूट घरी आणायची, आतून घासायची आणि उन्हात भिंतीला उलटे लावायची. सासूबाई ते उचलून सरळ ठेवायच्या. घरात पायताण उलटं राहिलं की भांडण होतं, यावर त्यांचा गाढ विश्वास. थोरलीने पुन्हा उलटे करायचे, त्यांनी पुन्हा सरळ करायचे. शेवटी थोरलीने नाद सोडला. सरळ उभ्या बुटात तळाचं पाणी कधी पुरतं सुकायचं नाही. तसेच ओले बूट दुसऱ्या दिवशी कामावर जायचे.

मग थोरलीच्या पायांना चिखल्या झाल्या. आधी धाकट्या बोटाच्या फटीत खाज, मग कातडी पांढरी, फुगलेली, ओल्या कागदासारखी सुटणारी. खाली लाल, चुरचुरणारी जागा. आणि वास. थोरली आपल्या नेटकेपणाबद्दल घरीदारी नावाजलेली. सासूबाई आल्यागेल्याला तिची भांडी दाखवायच्या. तिला या वासाची इतकी लाज वाटली, की तिने नवऱ्यालाही पाय दाखवला नाही.

उपाय सुरू झाले, तेही चोरून. हळद खोबरेल तेलात कालवून बोटांत भरायची, वर मोजा, वर गमबूट. म्हणजे घाव बंद, ओल बंद आणि वर तेलाचं झाकण. कुणीतरी लसूण ठेचून लावायला सांगितलं. त्याने कातडी भाजली आणि त्याचा डाग अजून तिच्या पायावर आहे. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवले की बरं वाटायचं, पण नंतर ते पुसायला तिला सवड नसायची. ओल्या पायांनीच ती स्वयंपाकाला उभी राहायची. खाज थांबली की उपाय बंद, आणि थोड्या दिवसांनी खाज परत हजर.

अखेर चालताना लंगडायला लागली, तेव्हा ती डेअरीच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय हातात घेऊन नीट पाहिला. ही बुरशी आहे, म्हणाल्या. हिला ओल, ऊब आणि अंधार आवडतो, आणि तुमच्या बुटात हे तिन्ही आहे. तेल बंद करा, लसूण तर मुळीच नको. पाय धुवा, बोटांच्या फटी कोरड्या करा, मग मलम लावा. खाज गेली तरी मलम लगेच सोडू नका, कातडी चांगली दिसायला लागल्यावरही काही आठवडे लावत राहा. मोजे सुती, रोज धुतलेले. बूट उलटे ठेवून पुरते सुकवा. घरात कुणाला साखरेचा त्रास असेल आणि पायाला असं काही झालं, तर घरी काही करत बसू नका, सरळ इकडे आणा. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बूट तुमचे एकटीचेच ना? हे एकाचं दुसऱ्याला लागतं."

थोरली म्हणाली, "हो, माझेच."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला एकच दिसत होतं. बाकावर बसलेली धाकटी, आणि तिच्या पुढ्यात आपण ऊब सांभाळून धरलेला बूट.

त्या दिवशी घरी जाऊन तिने सांगितलं असतं, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. धाकटीने चार टोमणे मारले असते आणि दोघींनी एका डबीतलं मलम लावलं असतं. पण थोरलीला ते जमेना. जिला आपण हाताला धरून कामाला लावलं, तिला आपणच रोग दिला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने मुकादमाला गाठलं आणि जावेसाठी वेगळी जोडी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी धाकटी आली तेव्हा बाकावर कोरे, गार गमबूट होते आणि थोरली निघून गेली होती.

धाकटीने घरी आल्यावर सासूबाईंच्या समोरच विचारलं, "ताई, माझी जोडी वेगळी का केली?"

थोरली भाकरी भाजत होती. तिने मान वर केली नाही. "आपापले बूट आपापल्या पायात बरे," ती म्हणाली.

धाकटी यावर काहीच बोलली नाही. तिखट जिभेचं माणूस गप्प झालं, तर ते लागलं आहे हे ओळखावं. थोरलीने ओळखलंही. तिने उद्या सांगू म्हटलं. मग परवा सांगू म्हटलं. त्याच सुमारास भावांमध्ये जागेच्या अडचणीवरून बोलणी चालली होती. धाकटीने आजवर वेगळं होण्याचा विषय हसण्यावारी नेला होता, आता तीच नवऱ्यामागे लागली. वर्ष सरायच्या आत तिचं बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तिने नोकरीही बदलली, एका कापड दुकानात. तिथे जमीन कोरडी होती.

भांडण झालं नाही. सासूबाईंना शेवटपर्यंत त्याचा अभिमान होता. माझ्या सुना वेगळ्या झाल्या, पण आवाज चढला नाही, असं त्या सांगायच्या. जाणं-येणं राहिलं ते कार्यापुरतं. धाकटी 'ताई' म्हणायची, वाकून नमस्कार करायची, पुढ्यातलं अर्धं खायची आणि उशीर झाला म्हणून उठायची. पोरं मोठी झाली. सासूबाई गेल्या, मग एकेक करून दोघींचे नवरे गेले.

थोरलीचे पाय मात्र बरे झाले होते. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तिने एकूण एक केलं. पायांचं ऐकलं, असं ती म्हणते, आणि पुढचं बोलत नाही.

मग एका सकाळी पुतण्याचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलंय, साखर फार वाढली होती, पायाची दोन बोटं काढावी लागली. थोरली हातातलं काम टाकून निघाली.

धाकटी खिडकीजवळच्या खाटेवर होती. एक पाय बांधलेला, दुसरा चादरीबाहेर. थोरलीची नजर आधी त्या उघड्या पायावर गेली. धाकट्या बोटाच्या फटीत पांढरी, ओली कातडी. ती खाटेच्या कडेला टेकली. कशाने झालं, असं विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, की बोटांत नेहमीचंच व्हायचं, फट चिरायची, मी आपली हळद-तेल भरून मोजा घालायचे. यंदा चीर चिघळली. साखरेमुळे दुखलंही नाही फारसं, कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं.

"हळद-तेल तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही न्हाणीत चोरून लावायचात. मला वास यायचा."

मग थोरलीने सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टरबाई, 'माझेच' म्हटलेलं, मुकादम, कोरी जोडी. माझ्या बुटातून तुला गेलं, म्हणाली. मी माझी लाज झाकली आणि तुझी बोटं गेली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, जुन्यासारखं, आणि मध्येच ते हसू थांबलं.

"अहो ताई, मला ते तुमच्या आधीपासून होतं. माहेरून घेऊन आले होते मी. मला वाटलं, माझ्यामुळे तुम्हाला लागलं हे तुम्हाला कळलं. माझ्या पायांची शिसारी आली म्हणून बूट वेगळे केलेत. कोणत्या तोंडाने तुमच्याकडे राहणार होते मी?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने रेडिओ बारीक केला.

"म्हणजे आपण एवढी वर्षं भांडलो ते कशावरून?" धाकटीने विचारलं.

"भांडलो कुठे?" थोरली म्हणाली. "तेच तर केलं नाही. भांडलो असतो तर बोलण्यात बूट निघाला असता."

"सासूबाईंनी बूट उलटे राहू दिले असते, तर भांडलोही असतो आणि बूटही वाळले असते," धाकटी म्हणाली. या वेळी हसणं कुणालाच जमलं नाही.

थोरलीने पाणी मागवलं. तिने धाकटीचा उघडा पाय पुसून घेतला, मग पर्समधला सुती रुमाल काढून एकेक फट कोरडी केली. नर्सने सांगितलेलं मलम लावलं. धाकटी डोळे मिटून पडली होती, त्या बाकावर मिटायची तशी. थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "ताई, तो रुमाल वेगळा धुवा हं."

धाकटीला आपल्या घरी न्यायचं थोरलीने ठरवलं होतं. तिने पुढची खोली रिकामी केली, न्हाणीत खरखरीत पायपुसणं घातलं, ओल राहू नये म्हणून खिडकीचं अडलेलं दार मोकळं करून घेतलं. पण पुतण्याला आईला आपल्या गावी न्यायचं होतं आणि तिथे मोठं इस्पितळ होतं. तो चुकीचं करत नव्हता. जाताना धाकटीने सांगितलं, की जखम भरली की येते, एकदा पोटभर भांडू. जखम भरली नाही. थोरली तिला भेटायला निघायच्या तयारीत असतानाच ती गेल्याचा निरोप आला.

पुढची खोली तशीच आहे. पुतण्या वर्षातून एकदा येतो, तिथे झोपतो.

थोरलीकडे आता गल्लीतल्या कामकरी बायका पायांचं विचारायला येतात. परवा एक तरणी सून आली, उपाहारगृहात भांडी घासते. चपला दाराबाहेर काढून, पायावर पाय लपवत उभी राहिली. थोरलीने तिला पायरीवर बसवलं, फटी पाहिल्या, घरी असतील ते उपाय कुठवर चालतात आणि डॉक्टरकडे केव्हा जायचं, ते नीट समजावलं. मग विचारलं, "घरात कुणाला सांगितलंस?"

पोरगी मान खाली घालून म्हणाली, "नाही. लाज वाटते."

"मग आधी ते," थोरली म्हणाली. "मलम नंतर."

पोरगी गेल्यावर तिने पायांचं कापड धुतलं आणि दोरीच्या टोकाला वाळत घातलं.