आप्पांचे चाळीस सेकंद

सोमवार, सकाळचे साडेसात. हजर: मी, वॉचमन आणि सर्व्हर. गैरहजर: आप्पा. निवृत्तीनंतरचा हा तिसरा सोमवार.

कुपवाडच्या आमच्या ओतकाम कारखान्यात रविवारी सगळे बंद असते. सोमवारी सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचे काम इतकी वर्षे आप्पांचे. सैन्यात हवालदार होते, गाव औंधजवळ. सर्व्हर सुरू होताना ते कधी खुर्चीत बसले नाहीत. पडद्यासमोर सावधान उभे राहून एकेका प्रोग्रॅमचे नाव पुकारत, "वजनकाटा!" पडद्यावर ओळ उमटली की स्वतःच म्हणत, "हजर." प्रत्येक प्रोग्रॅम उठवायला त्यांनी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी हुकमांची चिठ्ठी, लिहून तिला नंबर दिला होता. दहा नंबर उठल्याशिवाय वीस नंबरने उठायचे नाही.

मी इथे संगणकाचे काम बघायला आले, ती करायच्या कामांची यादी घेऊनच. पहिले काम: बंद पडलेला प्रोग्रॅम आपोआप पुन्हा चालू करणारा, देखरेख करणारा प्रोग्रॅम बसवणे. आप्पांनी त्याचे नाव मुकादम ठेवले. "आवं ताई, मुकादम कशाला? माझी पोरं काय पळून जात्यात व्हय?"

पहिल्याच शनिवारी, रविवारसाठी सगळे बंद करताना, दोघांची जुंपली. आप्पा आपल्या पद्धतीने वजनकाट्याचा प्रोग्रॅम बंद करत, मुकादम लगेच चालू करी. हे सहा वेळा झाले. मी मुद्दाम गप्प बसून मोजत होते.

"मी निजवतोय, ह्यो उठवतोय. लय आगाऊ हाय!"

"आप्पा, आधी मुकादमाला सांगावं लागतं."

"म्हंजे हवालदारानं ह्येला इचारून सुट्टी द्यायची?"

शेवटी तह झाला. मुकादम आप्पांच्याच रांगेत, सगळ्यांच्या मागे, नव्याण्णव नंबरवर उभा राहील. त्याच्या ताब्यात दिलेल्या प्रोग्रॅमना आप्पांनी हात लावायचा नाही. मग एकेक प्रोग्रॅम तिकडे गेला आणि मी माझ्या यादीत खुणा करत गेले. उरला भट्टीचे तापमान नोंदवणारा. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: चाळीस सेकंद थांब. कारण लिहिलेले नव्हते. मी ती बिनकामाची ठरवून गाळली आणि हा प्रोग्रॅमही मुकादमाकडे दिला.

पुढच्याच सोमवारी दुपारपर्यंत तापमानाच्या रकान्यात शून्य. प्रोग्रॅम जिवंत होता, त्यामुळे मुकादमाच्या मते सगळे ठीक. पण नोंदीशिवाय माल बाहेर जात नाही. सकाळचे सगळे ओतकाम पुन्हा वितळवावे लागणार होते आणि मालकांसमोर मी उभी होते.

"चूक माझी," आप्पा मधेच म्हणाले. "लिवून ठिवाय पायजे हुतं."

बाहेर आल्यावर मी विचारले, "का हो चाळीस?"

"भट्टीवरचा मीटर म्हातारा हाय. उठाय तीस सेकंद लागत्यात. त्येच्या आधी हाक मारली की दिसभर शून्यच सांगतोय. वर धा मी दिली. त्वांड धुवाया येळ द्यावा की."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी यादी वाचत हुता. मधी कसं बोलायचं?"

ओळ परत घातली, स्क्रिप्ट परत आप्पांच्या रांगेत गेली. मुकादमाला चाळीस सेकंद थांबायला शिकवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, हे मला माहीत आहे.

आज वॉचमन बाहेर गेल्यावर मी खुर्ची मागे सारली. "भट्टी!" म्हटले आणि चाळीसपर्यंत मोजले. हजर.

मग यादी नव्या पानावर उतरवली. पहिली ओळ अजूनही तीच, खूण न झालेली: आप्पांची शेवटची स्क्रिप्ट मुकादमाकडे देणे.